गाडी नवी, हाडे जुनी

पुण्याहून श्रीवर्धनला जायचे तर चांदणी चौक मागे टाकून पौडचा रस्ता धरायचा, मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी गाठायचे, घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव करीत म्हसळ्याला पोहोचायचे आणि तिथून समुद्राच्या ओढीने पुढे निघायचे. अंतर सुमारे १७० किलोमीटर. पहाटे निघालेला माणूस वाटेत चहा-नाश्ता करूनही दुपारच्या जेवणाला नारळ-पोफळीच्या सावलीत पोहोचतो.

कोथरूडमधल्या एका घरातील आजींचे माहेर याच श्रीवर्धनचे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध, तर सुपारी खाणाऱ्यांमध्ये तिथल्या रोठा सुपारीसाठी. आजींच्या धाकट्या भावाची तिथे वाडी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. भावाने त्याच पावसाळ्यात नवी रोपे लावली. पण पोफळ काही लगेच फळ देत नाही, पाच-सात वर्षे तिची वाट पाहावी लागते. २०२५ चा पावसाळा सरता सरता भावाचा फोन आला, "ताई, पहिल्या चार झाडांना सुपारी धरलीय. उतरवायच्या आधी तू येऊन बघून जा."

आजींचे वय ७४. कंबरेच्या मणक्यांची झीज झालेली. वादळानंतर त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. एस.टी.चा प्रवास झेपणार नाही, असे घरातल्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी मात्र प्रवासाला मनाई केली नव्हती. "जा खुशाल, फक्त दणके टाळा," एवढेच ते म्हणाले होते.

नेमकी त्याच सुमारास घरात गाडी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि पुष्कळ घरांप्रमाणे या घरानेही दसऱ्याचा मुहूर्त साधला. चौदा वर्षे वापरलेली छोटी गाडी गेली आणि झेंडूच्या माळा घातलेली 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' दारात उभी राहिली. मुलाचा हिशोब सरळ होता. गाडी उंच आहे, तेव्हा आईला चढताउतरताना गुडघे फार वाकवावे लागणार नाहीत. खड्ड्यात खालून घासणार नाही. घाटात जोर कमी पडणार नाही. पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर होते, पण आई माहेरी जाईल या समाधानापुढे त्याला ते जड वाटले नाहीत.

पहिली फेरी मुळशीपर्यंत

दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळी निघाली. मुलगा गाडी चालवायला, सून शेजारी, मागे आजी आणि आठवीतली नात. सीटवरची प्लॅस्टिकची वेष्टने अजून काढली नव्हती, कारण नवी गाडी मळायला नको!

भूगाव-भुकूमपर्यंत बरे चालले होते. पिरंगुटच्या पुढे गतिरोधकांची रांग लागली. पावसाने रस्त्यावर जागोजागी खड्डे पाडले होते. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे नाक उचलले जाई आणि ते खाली येते न येते तोच मागून धाडकन दणका बसे. वळणावर आजी प्लॅस्टिकवरून घसरत. टायरांची घरघर आणि डिकीतला खडखडाट यांत पुढच्यांचे बोलणे मागे ऐकू येत नव्हते आणि मागच्यांचे पुढे. पौडनंतर गाडीत कुणी बोललेच नाही.

मुळशीच्या पाण्याजवळ चहाला गाडी थांबली तेव्हा आजींना उतरता येईना. कंबरेला हात लावून त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, "अरे, मला इथून एस.टी.त बसवून दे. नाहीतर घरी तरी ने."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, एवढी लाखो रुपयांची गाडी आणि तू एस.टी. म्हणतेस?"

"गाडी चांगलीच आहे रे बाळा. माझीच हाडं जुनी झालीत."

गाडी तिथूनच परत फिरली. श्रीवर्धनला फोन करायचे काम सुनेकडे आले. त्या रात्री आजी शेकण्याची पिशवी घेऊन लवकर आडव्या झाल्या.

दोष कुणाचा?

शोरूमवाल्यांना विचारले तर उत्तर तयार होते, "एसयूव्ही अशीच असते साहेब. सवय होईल." हे उत्तर अर्धे खरे होते. उरलेले अर्धे त्या घराला स्वतःच शोधावे लागले.

आधी खरे अर्धे पाहू. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला. पुढेही ही लांबीची अट कायम राहिली. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच उंच गाड्या या ४ मीटरच्या मापात बसवलेल्या असतात. लांबी कमी म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतरही कमी, साधारण अडीच मीटर. पुढची चाके गतिरोधक ओलांडतात न ओलांडतात तोच मागची त्यावर येतात आणि गाडी झोपाळ्यासारखी डोलते. एस.टी.च्या चाकांतले अंतर याच्या दुपटीच्या आसपास असते. म्हणून दोन चाकांच्या मधल्या बाकावर बसलेल्याला तिथे तेवढे झोके जाणवत नाहीत. आजींनी एस.टी.ची आठवण काढली ती काही उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट उंचीची. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. वळणावर ती जास्त कलू नये म्हणून स्प्रिंगा कडक ठेवाव्या लागतात. त्या कडकपणामुळेच घाटाच्या वळणावर गाडी स्थिर राहते आणि त्याच कडकपणामुळे खड्डा थेट पाठीत बसतो. शिवाय बहुतेक छोट्या गाड्यांची मागची दोन चाके एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्या बाजूलाही त्याची खबर लागते.

तिसरी गोष्ट चाकांची. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकाराला बऱ्याचदा लहान रिमची चाके असतात, तर महाग प्रकाराला मोठ्या रिमची आणि दिसायला झोकदार. पण चाकाची बाहेरची उंची जवळजवळ तेवढीच ठेवलेली असते. म्हणजे रिम वाढली तेवढे रबर कमी झाले. धक्का आधी झेलायचा तो टायरच्या त्या रबरी कडेने आणि तीच आखूड झालेली. या घराने सगळ्यात वरचा प्रकार घेतला होता.

हा झाला गाडीचा स्वभाव. तो बदलत नाही. पण आजींच्या कंबरेला जे बसले ते सगळे या स्वभावाचे नव्हते.

हवेचा काटा

मिक्सर आणला तरी आधी पुस्तिका वाचायची, अशी सुनेची सवय. गाडीची पुस्तिका मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात तशीच पडली होती. ती वाचताना तिला कळले की, टायरमध्ये किती हवा हवी याचा तक्ता गाडीवरच चिकटवलेला असतो, बहुधा चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला चौकटीवर. तिने दार उघडून पाहिले. दोघे-तिघे बसणार असतील तर ३३, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर ३६.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने काटा लावला आणि भुवया उंचावल्या. चारही चाकांत ४५ च्या आसपास हवा!

कारण साधे होते. नव्या गाड्या कारखान्यातून ट्रेलरवर निघतात आणि विकल्या जाईपर्यंत कित्येक आठवडे आवारात उभ्या असतात. उभ्या उभ्या टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत जास्त हवा भरून ठेवतात. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ती उतरवायची असते. दसऱ्याच्या गर्दीत, पेढे आणि फोटोंच्या घाईत, ते राहून गेले. फुटबॉलसारख्या टणक झालेल्या त्या चाकांवरून आजी मुळशीपर्यंत गेल्या होत्या.

हवेच्या बाबतीत आणखी काही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. टायरच्या कडेवर जो मोठा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. पाहायचा तो दाराच्या चौकटीवरचा तक्ता. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी किंवा गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो. पेट्रोल पंपावरचा मुलगा "सगळ्यात पस्तीस टाकू का?" असे विचारतो, तेव्हा आपला आकडा आपल्याला पाठ हवा. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ चालते ही समजूतही सोडून द्यावी. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मऊपणाच्या मोहाने तक्त्यापेक्षा कमी हवा कधीही ठेवू नये. कमी हवेचा टायर वेगात चालताना वाकतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. द्रुतगती मार्गावर हा धोका आणखी वाढतो.

खडखडाटाची झडती

रविवारी दुपारी गाडीची झडतीच घेण्यात आली. सीटवरचे प्लॅस्टिक आधी निघाले. त्याबरोबर एक करकर थांबली आणि घसरणेही थांबले. डिकीच्या तळाशी जॅक आणि पाना आपल्या खोबणीत नीट बसवलेले नव्हते. स्टेपनीचा आटा एक वेढा ढिला होता. दाराच्या कप्प्यात टोलची सुटी नाणी, मागच्या सीटखाली नातीची पाण्याची स्टीलची बाटली. वापरात नसलेल्या सीटबेल्टचे कुलूप दाराच्या प्लॅस्टिकवर आपटत होते. जुना टॉवेल, थोडे फोमचे तुकडे आणि पाऊण तास, एवढ्यात निम्मा गोंगाट गेला.

उरलेल्या आवाजांची ओळख करून घेणे बरे. काँक्रीटच्या रस्त्यावर टायर जास्त घरघरतात, डांबरी रस्त्यावर तोच टायर गप्प होतो. तेव्हा गाडीला नावे ठेवण्यापूर्वी रस्ता पाहावा. पुष्कळ छोट्या गाड्यांत तीन सिलिंडरचे इंजिन असते. चार सिलिंडरच्या मानाने त्याचा थरथराट जास्त, विशेषतः गाडी उभी असताना. तो दोष नव्हे. मागची एकच काच थोडी खाली केली की कानात ढब-ढब असा दाब बसू लागतो, दुसऱ्या बाजूची काच बोटभर उघडली की तो जातो. मात्र एकाच चाकाकडून येणारी टकटक, ठरावीक वेगाला स्टिअरिंगचे थरथरणे किंवा गाडीचे एका बाजूला ओढणे, हे स्वभाव नव्हेत. ते वॉरंटीत दाखवून दुरुस्त करून घ्यायचे. अशी एक टकटक डाव्या बाजूने येत होती. मुलाने सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर फेरी मारली तेव्हा कुठे ती सापडली. शॉकअपचा वरचा नट पूर्ण आवळलेला नव्हता. कागदावर 'आवाज येतो' एवढेच लिहिले असते, तर गाडी नुसती धुऊन परत आली असती.

मागे बसून पाहिले तेव्हा

एवढे झाल्यावर सून म्हणाली, "आता तू मागे बस. मी चालवते."

पौडपर्यंतची ती फेरी मुलाला बरेच काही शिकवून गेली. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असते, खड्डा त्याला आधी दिसतो, अंग आपोआप सावरते. मागच्याला खड्डा कळतो तो कंबरेला. त्यातून मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच असते, पुढची दोन चाकांच्या मधोमध. सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे माणसाच्या शरीराला सर्वांत जाचतात. मणक्याला तर फारच.

"अगं, मी चालवताना हे असं होतं?" त्याने विचारले.

"याच्याहून जास्त. तू गतिरोधकावर चढल्यावर ब्रेक मारतोस."

ती चूक बहुतेकांची असते. ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली जाते, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात आणि धक्का झेलायला त्यांना जागा उरत नाही. वेग आधी कमी करावा आणि चाके गतिरोधकाला भिडण्यापूर्वी ब्रेक सोडावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्या गावोगावचे गतिरोधक म्हणजे रस्त्यावर ठेवलेले ओंडकेच. तिथे ताशी दहाचा वेगही जास्त होतो.

त्या दिवशी घरात नियम ठरला. आजी पुढे बसतील, सीट थोडी मागे सरकवून, पाठ किंचित कलती करून, कंबरेच्या खोलगट भागाशी गुंडाळलेला टॉवेल घेऊन. दर तासाला गाडी थांबेल आणि आजी चार पावले चालतील. मऊ उशांचा ढीग नको, कारण त्यावर माणूस उसळतो. आणि "अजून किती उशीर?" असे कुणी विचारायचे नाही.

दुसरी फेरी

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला मंडळी पुन्हा निघाली. चौघे आणि सामान असल्याने सुनेने आदल्या सकाळीच काटा लावून हवा ३६ करून घेतली होती. गाडी काही पालखी झाली नव्हती. पिरंगुटचे गतिरोधक जागच्या जागी होते आणि खड्डेही सगळे बुजले नव्हते. पण दणक्याचा आता नुसता धक्का झाला होता. मुख्य म्हणजे गाडीत बोलणे ऐकू येत होते.

मुळशीचे पाणी दिसले तशी आजींनी नातीला सांगायला सुरुवात केली. टाटांच्या वीज कंपनीने हे धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तरी गावे बुडालीच. हेच पाणी डोंगराच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला जाते आणि तिथे वीज करते. मागच्या वेळी याच ठिकाणी आजींना दारातून उतरता आले नव्हते. या वेळी त्या पाण्याकडे बघत चहा प्यायल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "चला, घाट लागायचाय अजून."

ताम्हिणीच्या वळणांवर गाडीच्या कडक स्प्रिंगांचे चीज झाले. जुन्या गाडीत या वळणांवर नातीला हमखास मळमळायचे. आता गाडी कलत नव्हती आणि मुलगाही घाई करीत नव्हता. विळ्याला थांबा, माणगावला थांबा. घोणशाच्या घाटात खराब रस्ता लागला तेव्हा आजींनी डोक्यावरची कडी घट्ट धरली. मुलाने गाडी पंधरावर आणली. मागून कुणी हॉर्न वाजवला, तर त्याला हाताने पुढे जायला सांगितले. साडेपाच-सहा तासांचा प्रवास सात तासांवर गेला.

वाडीच्या बेड्याशी भाऊ उभा होता. आजी गाडीतून स्वतः उतरल्या. क्षणभर कंबरेला हात लावून थांबल्या, मग चालू लागल्या. वाडीत जिथे पूर्वी दाट सावली होती तिथे आता ऊन पडले होते. उंच पोफळींच्या जागी कोवळी झाडे ओळीने उभी होती. त्यांतल्या चार झाडांना नारिंगी होत आलेल्या सुपाऱ्या लटकल्या होत्या. भावाने एक काढून आजींच्या हातावर ठेवली.

"बाबांनी लावलेल्या गेल्या रे सगळ्या," आजी म्हणाल्या.

"हो ताई. या आपल्या."

दोन दिवस राहून मंडळी निघाली, तेव्हा कोकणच्या रिवाजाप्रमाणे डिकी भरू लागली. नारळ, कोकम, पोह्याचे पापड, केळीचा घड. भाऊ आणखी एक पोते उचलणार तोच सून म्हणाली, "मामा, थांबा. आधी हवा बघू द्या."

गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणि हवेचा काटा तिने पिशवीतून काढला. मुलगा एकेका चाकाशी वाकून आकडा वाचू लागला. आजी पुढच्या सीटवर बसल्या, टॉवेलची गुंडाळी कंबरेशी नीट लावली आणि भावाला म्हणाल्या, "होळीला येते मी. तोवर दुसऱ्या ओळीला धरते का बघ."